अकरा इंची लॅपटॉप, ६४ जीबी जागा आणि दोन ऑपरेटिंग सिस्टीम : जमेल का?

शेवग्याची_शेंग | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

घरात २०१९ साली घेतलेला ११.६ इंची लॅपटॉप आहे. सेलेरॉन एन४०००, रॅम ४ जीबी (बोर्डावरच सोल्डर केलेली, वाढवता येत नाही) आणि साठवायला ६४ जीबी ईएमएमसी. विंडोज १०. सी ड्राइव्हवर आज ३ जीबी शिल्लक. बटण दाबून मी चहा टाकायला जातो. चहा उकळून, गाळून, कपात ओतून आणला तरी पडद्यावरचे ठिपके गोल फिरतच असतात.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर यादीत असल्याने ११ चालेल म्हणतात, पण टाकायचं कुठे? आणि चालेल म्हणजे रांगेल, हे मला कळतं.

म्हणून लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकावं असं डोक्यात आहे. पण विंडोज काढता येत नाही. पुतणी जीसीसी-टीबीसीच्या (सरकारी टंकलेखन परीक्षा) मराठी ३० ची तयारी करतेय आणि तिच्या क्लासने दिलेलं सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही. बाकी आमचं काम म्हणजे बातम्या, यूट्यूब, सातबाऱ्याच्या पीडीएफ आणि थोडं मराठी टायपिंग.

व्हिडिओ बरेच पाहिले. त्यातल्या प्रत्येकाकडे ५१२ जीबी असतात आणि तो हसत हसत म्हणतो, "शंभर जीबी बाजूला काढा." माझ्याकडे बाजूला काढायला तीन आहेत.

खिडकीवाला | शनिवार, रात्री ९:५२

नवीन लॅपटॉप घ्या. धागा बंद.

शेवग्याची_शेंग | शनिवार, रात्री ९:५५

पैसे तुम्ही पाठवता की मी जीपे नंबर देऊ? :)

अप्पा_निवृत्त | शनिवार, रात्री १०:२०

शेंगराव, आधी हिशोब मांडू, मग तोडगा बघू.

खोक्यावर ६४ लिहिलेलं असतं, विंडोज ५८ च्या आसपास दाखवतं. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, चोरीबिरी काही नाही. त्यातलं जीबीभर रिकव्हरी आणि बूटचं पार्टिशन खातं. विंडोज १०, त्याची अपडेटं आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी फाइल) मिळून तीसच्या पुढे सहज जातात. राहिले पंचवीस. मिंटवाले (मिंट म्हणजे लिनक्सचाच एक अवतार) किमान २० जीबी मागतात, आरामात राहायचं तर १०० म्हणतात. म्हणजे मिंट कसंबसं बसेल, पण मग विंडोजला पुढचं अपडेट उतरवायलाही जागा उरणार नाही. एका खोलीत दोन संसार थाटले की दोघीही उपाशी आणि भांडण रोजचं.

ईएमएमसी म्हणजे काय तेही ध्यानात घ्या. ती मोबाइलमधल्यासारखी बोर्डावर चिकटवलेली चिप आहे. एसएसडीसारखी काढून मोठी बसवता येत नाही. आणि ती जितकी काठोकाठ भरते तितकी रडते. तुमचा चहा गार होतो त्याचं निम्मं कारण ते ३ जीबी आहेत.

तेव्हा लिनक्सचा विचार करायच्या आधी आज रात्री एवढं करा. डिस्क क्लीनअप उघडून त्यातलं "क्लीन अप सिस्टीम फाइल्स" चालवा, जुन्या अपडेटांचा गाळ तिथे सापडतो. मग अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हायबरनेशन बंद करा (पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ). हायबरनेशनची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे तुमच्याकडे दीड जीबी. याच कमांडने फास्ट स्टार्टअपही जातं. ते दोन सिस्टीम ठेवणाऱ्याच्या घरात नसलेलंच बरं. का, ते उद्या सांगतो. झोपेची वेळ झाली.

रानमांजर | शनिवार, रात्री १०:४१

अप्पांना +१. का ते मीच सांगून टाकते. फास्ट स्टार्टअप चालू असताना "शट डाउन" केलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं. फाइल सिस्टीम अर्धवट उघडी राहते. मग लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडायला गेलात की तो नुसता वाचायला मिळतो, लिहू देत नाही. जबरदस्ती केलीत तर फायलींचं भजं होतं.

@शेवग्याची_शेंग, श्रिंक व्हॉल्यूम (सी ड्राइव्ह आखडून जागा वेगळी काढायची विंडोजची सोय) करून बघितलंत का?

शेवग्याची_शेंग | रविवार, सकाळी ८:१५

अप्पा, दंडवत घ्या. क्लीनअप रात्रभर चाललं, सकाळी ११ जीबी मोकळे दिसतात! नुसत्या झाडलोटीने चहाआधी चालू झाला.

@रानमांजर, केलं. ११ मोकळे असताना "श्रिंक" फक्त १.२ जीबी सोडायला तयार आहे. हे काय गौडबंगाल?

रानमांजर | रविवार, सकाळी ८:५०

पेजफाइल आणि तसल्या काही फायली विंडोज चालू असताना हलवता येत नाहीत. त्यातली एखादी ड्राइव्हच्या शेपटाकडे बसली असेल तर तिच्या पुढचीच जागा मिळते. एसटीत मागच्या बाकावर एकच माणूस आडवा झोपलाय आणि कंडक्टर म्हणतोय जागा नाही, तसं. पेजफाइल तात्पुरती बंद करून, रीस्टार्ट करून आणखी जागा निघते, पण अप्पांच्या हिशोबाने ती निघूनही तुमचं भागत नाही. आत शिरायचा हट्ट सोडा.

उंबरठा | रविवार, सकाळी ९:३०

थांबा. कुणी काही करायच्या आधी माझं ऐका, कारण मी हे भोगलंय.

मलाही असाच छोटा लॅपटॉप होता. पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही म्हणून बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारा पहारा) बंद केलं. लिनक्स काही जमलं नाही, सोडून दिलं, आणि पुन्हा विंडोज सुरू करायला गेले तर अख्खा निळा पडदा आणि त्यावर एकच मागणी : बिटलॉकर रिकव्हरी की टाका. ४८ आकडे. मी आयुष्यात बिटलॉकर (डिस्क कुलपात ठेवणारी विंडोजची सोय) चालू केलं नव्हतं! ते "डिव्हाइस एन्क्रिप्शन" नावाने पहिल्या दिवसापासून आपोआप चालू होतं.

की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बसते असं कळलं. माझ्या अकाउंटात काहीच नाही. मग आठवलं, दुकानातल्या मुलाने "मॅडम, मी सेटअप करून देतो" म्हणून स्वतःच्याच कुठल्या तरी ईमेलवर चालू करून दिला होता. दुकान बंद, मुलगा गावी. अकरा दिवसांनी फोन लागला आणि त्याने आपल्या अकाउंटमधून बघून ते ४८ आकडे मला फोनवर वाचून दाखवले. मी ते भाजीच्या यादीमागे लिहून घेतले. तो कागद अजून आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला.

तेव्हा सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे का बघा. असेल तर की कागदावर घ्या. त्याच लॅपटॉपमध्ये फाइल म्हणून ठेवू नका, कुलपाची किल्ली पेटीत ठेवल्यासारखं होईल. बायॉसला हात त्यानंतर.

शेवग्याची_शेंग | रविवार, सकाळी १०:०५

आत्ता बघितलं. चालू आहे!! की माझ्याच अकाउंटात सापडली, नशीब. वहीत लिहिली. उंबरठाताई, तुमचे उपकार.

अप्पा_निवृत्त | रविवार, सकाळी ११:००

उंबरठा यांनी लाखमोलाचं सांगितलं. एक जोडतो. मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा हे सगळे सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात. ते बंद करा म्हणून सांगणारे लेख बहुतेक जुने आहेत. सही नसलेला ड्रायव्हर लागला तरच ती भानगड.

शेंगराव, तुमचं खरं काम आता. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती उतरवा, चेकसम (फाइल नीट उतरली का हे पडताळायचा आकडा) जुळतो का बघा, रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा आणि नुसतं "लाइव्ह" (थेट पेनड्राइव्हवरून) चालवा. इन्स्टॉल करायचं नाही! डेस्कटॉपवर "इन्स्टॉल"चं चिन्ह बोलावत असतं, तिकडे बघू नका. वायफाय दिसतं का, आवाज येतो का, टचपॅडवर दोन बोटं सरकवता येतात का, झाकण बंद करून उघडल्यावर जागा होतो का, ब्राइटनेसच्या कळा चालतात का, हे तासभर तपासा. छोट्या लॅपटॉपांत स्वस्तातला स्वस्त वायफायचा आणि आवाजाचा तुकडा घातलेला असतो, लिनक्सची गाडी तिथेच अडते.

अवांतर : २००७ साली आसुसचा ईई पीसी आला तेव्हा ७ इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी जागा, आणि त्यात लिनक्सच भरून यायचं. छोट्या लॅपटॉपांची ही लाट लिनक्सवरच आली होती. मागाहून विंडोज एक्सपी शिरलं आणि सगळे विसरले.

खिडकीवाला | रविवार, सकाळी ११:१२

अप्पांचा काळ सुरू झाला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

नवशिका | रविवार, दुपारी १२:४०

माझ्याकडे १० इंची टॅबलेट-लॅपटॉप आहे, अ‍ॅटम झेड३७३५एफ, रॅम २ जीबी, जागा ३२ जीबी. मिंटचा पेनड्राइव्ह लावला तर बायॉसच्या यादीत दिसतच नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्या मशिनवर मस्त चालतो.

रानमांजर | रविवार, दुपारी १:०५

त्या पिढीची प्रसिद्ध खोड. प्रोसेसर ६४ बिटचा, पण यूईएफआय फर्मवेअर (नव्या पद्धतीचं बायॉस) ३२ बिटचं. मिंटच्या पेनड्राइव्हवर फक्त ६४ बिटचा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) असतो, तुमच्या फर्मवेअरला तो वाचताच येत नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये अशा मशिनांची सोय आहे, तो घ्या. पण २ जीबीत आजचा ब्राउझर म्हणजे दाटीवाटीच. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

शेवग्याची_शेंग | रविवार, सायंकाळी ६:३०

अहवाल देतो.

पेनड्राइव्हवरून सुरू करायचं बटण सापडायला वीस मिनिटं. एफ२ ने बायॉस उघडलं, एफ१२ ने काहीच नाही, शेवटी एस्केप टपटपवत राहिल्यावर यादी आली. सिक्युअर बूट चालूच ठेवलं, तरी मिंट आलं.

वायफाय : दिसलं, लागलं. टचपॅड : छान. झाकण : जागा होतो. आवाज : शुकशुकाट. मग लक्षात आलं, पुतणीने म्यूट केलेलं... नाही, तसंही नव्हतं. वरच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर गेलो तर आवाज एचडीएमआयकडे जात होता. बदलल्यावर वाजला.

पेनड्राइव्हवरून चालूनही विंडोजइतकाच वेगवान वाटतो. म्हणजे विंडोजचं कौतुक की निंदा ते तुम्ही ठरवा.

आता प्रश्न : टाकू कुठे? लॅपटॉपला एसडी कार्डाची खाच आहे. ६४ चं कार्ड घालून त्यावर टाकलं तर?

ताकभात | रविवार, सायंकाळी ७:१०

कार्ड नको हो! मी केलेला उद्योग सांगतो.

ईएमएमसीच्या लॅपटॉपात डिस्कांची नावंच वेगळी. सगळ्या जुन्या लेखांत "एसडीए निवडा" लिहिलेलं असतं, पण इथे एसडीए म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह. आतली चिप "एमएमसीबीएलके" आणि पुढे आकडा, अशी दिसते. आणि एसडी कार्डही "एमएमसीबीएलके"च, फक्त आकडा पुढचा. माझ्या यादीत शून्य आणि एक असे दोन. एक ५८ जीबी, एक ५९ जीबी. मला वाटलं कार्ड म्हणजे शून्य... मला काय वाटलं ते जाऊ द्या. विंडोज वाचवायला निघालो होतो, विंडोज वाचलंच. कार्डावर मुलीच्या बारशाचे फोटो होते.

निम्मे फोटो नंतर फोटोरेकने परत काढले, नावं गेली ती गेलीच. बायको अजून ओळख करून देताना "हे संगणकात आहेत" असं जरा वेगळ्या सुरात म्हणते.

इन्स्टॉल करताना खाचेत कार्ड ठेवू नका, एवढंच.

अप्पा_निवृत्त | रविवार, सायंकाळी ७:४५

आणि बऱ्याच छोट्या लॅपटॉपांचं बायॉस कार्डावरून बूट करतच नाही. केलं तरी ऑपरेटिंग सिस्टीम सतत बारीक बारीक लिहीत असते, कॅमेऱ्याचं कार्ड त्यासाठी बनलेलं नाही. हळू चालतं आणि लवकर मरतं.

घरात एखाद्या जुन्या मशिनची एसएसडी आहे का? अडीच इंची असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घाला, निळ्या पोर्टला लावा आणि दुसरी सिस्टीम तिच्यावर टाका. आतलं विंडोज आहे तसं राहू द्या. पुतणीला टायपिंग करायचंय तेव्हा केबल काढा, बाकी वेळ लावा.

शेवग्याची_शेंग | रविवार, रात्री ८:००

आहे की! बंद पडलेल्या डेस्कटॉपमधली १२० जीबीची. उद्या केसिंग आणतो.

खिडकीवाला | रविवार, रात्री ८:१४

लॅपटॉपला शेपूट लावून फिरणार म्हणा. बरं, व्हर्च्युअल मशिन का नको? एकात एक, कटकट नाही.

रानमांजर | रविवार, रात्री ८:३०

४ जीबी रॅममध्ये दोघांना एकाच वेळी जेवायला बसवणार? दोघंही अर्धपोटी उठतील.

@शेवग्याची_शेंग, बाहेरच्या डिस्कवर टाकताना एक सापळा आहे, नीट वाचा. मिंटचा इन्स्टॉलर खाली विचारतो, बूटलोडर कुठे टाकू? तुम्ही बाहेरची डिस्क निवडाल. तो मान डोलावेल आणि तरीही आतल्या ईएमएमसीवरच्या ईएफआय पार्टिशनमध्येच (बूटलोडर ठेवायच्या कप्प्यातच) टाकेल. यूईएफआय मशिनवर ही त्याची जुनी सवय आहे. लगेच काही कळत नाही. पण केबल काढून लॅपटॉप सुरू केलात की काळ्या पडद्यावर "ग्रब" (लिनक्सचा बूटलोडर) आणि लुकलुकणारी रेघ. आतला ग्रब आपलं सामान शोधतोय आणि ते सामान तुमच्या कपाटात आहे. विंडोज गेलेलं नसतं, बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडला की येतं. पण टायपिंगच्या घाईत असलेल्या मुलीला हे कोण समजावणार?

उपाय असा. लाइव्ह मिंटमध्ये जीपार्टेड (पार्टिशनं बघायचं-बदलायचं साधन) उघडा. आतल्या चिपवरचं छोटं फॅट३२ पार्टिशन शोधा, शंभर एमबी किंवा थोडं मोठं असतं. त्यावर राइट क्लिक, मॅनेज फ्लॅग्ज, आणि "बूट" व "ईएसपी" या दोन खुणा काढा. फॉरमॅट करायचं नाही, नुसत्या खुणा! आता इन्स्टॉलरला ते दिसणार नाही. मग एसएसडीवर जीपीटी तक्ता (पार्टिशनांच्या नोंदीचा), ५०० एमबीचं ईएफआय पार्टिशन आणि उरलेलं सगळं मुळाला (स्लॅश). इन्स्टॉल झाल्यावर, रीस्टार्टच्या आधी, त्या दोन खुणा परत लावा. हे विसरू नका. मी एकदा विसरले होते आणि विंडोज का येत नाही म्हणून रात्री दोनपर्यंत बसले होते.

उंबरठा | रविवार, रात्री ८:४२

आणि त्याआधी पुतणीच्या फायली दुसरीकडे कॉपी करा. दुसरीकडे म्हणजे त्याच एसएसडीवर नव्हे.

शेवग्याची_शेंग | बुधवार, रात्री ९:२०

झालं!!

केसिंग काल आलं. आज पुतणी शेजारी बसली होती, रानमांजरांचा प्रतिसाद ती मोबाइलवरून मोठ्याने वाचत होती आणि मी करत होतो. एकदा मी एसएसडीच्या जागी भलत्याच ओळीवर क्लिक केलं तर ती ओरडली, "काका, ५८ नको, ११२ वाली!" कार्ड काढून ठेवलं होतं, तरी. इन्स्टॉलला पंधरा मिनिटं. खुणा काढल्या, खुणा लावल्या. केबल लावली की मिंट, काढली की विंडोज. मिंट सुरू झाल्यावर रॅम ८०० एमबीच्या आसपास वापरात दिसते. फायरफॉक्समध्ये पाच-सहा टॅब गुण्यागोविंदाने, दहाव्याला धापा टाकतो.

अप्पा_निवृत्त | बुधवार, रात्री ९:४५

अभिनंदन. दहाव्या टॅबला लिनक्सही काही करू शकत नाही, ४ जीबी ते ४ जीबी. झेडरॅम टाकून घ्या, रॅममधलाच काही भाग दाबून कोंबून वापरतो, थोडा श्वास मिळेल.

मराठीसाठी आयबस आणि एम१७एन (लिनक्सवर भारतीय भाषा टाइप करायची साधनं) टाका. त्यात इनस्क्रिप्ट आहे, रेमिंग्टन आहे आणि आपल्या सगळ्यांचं लाडकं गमभनही आहे.

शेवग्याची_शेंग | शुक्रवार, सकाळी ७:५०

एक नवीन भूत निघालंय. काल सकाळी पुतणी ८ वाजता विंडोजवर सरावाला बसली. क्लासच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद झाली पहाटे २:३० ची. आज क्लासच्या सरांनी तिला विचारलं म्हणे, "इतकं जागू नकोस गं." ती हसतेय, मी घाबरलोय. बॅटरी गेली का बोर्डावरची?

रानमांजर | शुक्रवार, सकाळी ८:१०

बॅटरीला काही झालेलं नाही. फरक मोजा : साडेपाच तास. लिनक्स बोर्डावरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेला लावतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज तेच घड्याळ इथलं समजून जसंच्या तसं वाचतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडला सेट-लोकल-आरटीसी आणि पुढे १ असं द्या (शब्दांच्या मध्ये जोडरेघा). लिनक्स थोडी कुरकुर करेल, ऐकेल. मग विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक करा.

शेवग्याची_शेंग | शुक्रवार, रात्री १०:०५

केलं, दोन्हीकडे एकच वेळ. धन्यवाद.

पुतणी आता केबल लावलेलीच ठेवते. मिंटमध्ये रेमिंग्टन लावून आजीसाठी हरिपाठ टाइप करतेय, सरावही होतो म्हणाली. परीक्षेचे उतारे मात्र विंडोजवरच. केसिंग लोंबकळत होतं, ते तिने झाकणाच्या पाठीला डबल टेपने चिकटवलंय, गरम होतंय का तेवढं बघतोय. कुणाला अनुभव?

खिडकीवाला | शुक्रवार, रात्री १०:१८

टेप उन्हाळ्यात सुटतो. वेल्क्रो लावा. (हो, माझ्याकडेही आहे एक शेपूटवाला. कुणाला सांगू नका.)